चिमटाबाईच्या पुस्तकातले कच्चे टाके

तिला चिमटाबाई म्हणायचे, त्याला दोन कारणं होती. लाँड्रीत कुठलीही चादर हातात आली की ती तिचा कोपरा चिमटीत धरून चोळायची आणि न बघता सांगायची, “बाळंतिणींची. डावीकडे टाक.” दुसरं कारण तिचं तोंड. तिने सकाळी काढलेला चिमटा संध्याकाळपर्यंत हुळहुळायचा. मला तिने पहिल्याच भेटीत ‘भांडकुदळ’ नाव दिलं. मी लाँड्रीतल्या बायकांच्या वतीने मालकांशी भांडते, तेव्हा नाव काही चुकीचं नव्हतं. पण ते इतकं चिकटलं, की आता माझं खरं नाव सांगितलं तर बायका विचारतात, ही कोण?

त्या लाँड्रीत इस्पितळांचे कपडे यायचे. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे झगे, बाळांना गुंडाळायची फडकी. प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात रंगीत धागा शिवलेला असायचा. रंगावरून इस्पितळ कळायचं, गाठींवरून वॉर्ड. एक गाठ साधा वॉर्ड, दोन बाळंतिणी, तीन शस्त्रक्रिया, आणि ओळीने गाठीच गाठी लागल्या तर संसर्गाचा कपडा, आधी हात धू. ही पद्धत बायकांनी काढलेली. त्यातल्या निम्म्याअधिक जणींना अक्षर ठाऊक नव्हतं, आणि कपडा चुकला तर बोलणी त्यांनाच बसायची.

चिमटाबाई रोलरवर होती. रोलर म्हणजे तापलेली अजस्र लाटणी. एका बाजूने ओली चादर आत घालायची, दुसऱ्या बाजूने ती कोरडी, कडक होऊन बाहेर येते. ही जागा मानाची, कारण इथे येतं ते सगळं धुतलेलं असतं. खाली तळघरात मळकी खोली. तिथे ठिक्के, म्हणजे इस्पितळांतून आलेली कपड्यांची पोती, उघडून रक्ताचे, पुवाचे, ओकाऱ्यांचे कपडे वेगळे करतात. चिमटाबाई तिथून सुरुवात करून रोलरपर्यंत पोहोचली, त्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. नवरा वारला तेव्हा ती मळक्या खोलीत होती. मुलाचं लग्न झालं तेव्हा रोलरवर. “सुनेने मला कधी घाण वासाची पाहिली नाही,” असं ती म्हणायची, आणि ते सांगताना तिची मान जरा वर जायची.

ती सूनही तिथेच, रोलरच्या दुसऱ्या बाजूला, घडीच्या कामावर. चादरी बाहेर आल्या की चिमटाबाई वळसा घालून तिकडे जायची आणि दोघी दोन-दोन टोकं धरायच्या. मागे सरकायचं, ताण द्यायचा, पुढे येऊन टोकाला टोक लावायचं. सासू-सुनांचं भांडण या घड्यांच्या तालावर चालायचं.

“भाजीत मीठ नव्हतं.” घडी.

“तुम्हीच कमी घाल म्हणालात, आई.” घडी.

“कमी म्हणाले. उपास घडव नाही म्हणाले.” घडी.

मुकादम म्हणायचा, “या दोघींचं भांडणसुद्धा इस्त्री होऊन बाहेर पडतं.”

मग मालकांनी नवं औषध आणलं. पावडरऐवजी निळ्या पिंपातलं, डाग हमखास घालवणारं. डाग गेले, आणि त्यांच्याबरोबर रंगही गेला. महिन्याभरात लाल, हिरवे, पिवळे सगळे धागे पांढरे पडले. मग ते कुजून तुटायला लागले. बाळंतिणींची फडकी शस्त्रक्रियेच्या गठ्ठ्यात गेली, इस्पितळाने तक्रार केली, आणि मॅनेजरने धाग्यांची पद्धतच बंद केली. आता प्रत्येक ठिक्क्याला छापील चिठ्ठी. रोलरलाही टीव्हीसारखा नवा पडदा बसणार, त्यावर सूचना येणार. वर्षाअखेर वाचनाची परीक्षा. ज्यांना वाचता येईल त्या वर, बाकीच्यांनी खाली मळक्या खोलीत.

मी मॅनेजरच्या टेबलावर हात आपटला. “धागे तुमच्या औषधाने खाल्ले आणि शिक्षा बायकांना?” तो म्हणाला, “शिक्षा कसली? संधी आहे.” या ‘संधी’ शब्दाचं मला वावडं आहे. गरिबाच्या हातातलं काही काढून घ्यायचं असलं की हा शब्द आधी पुढे येतो. भांडून मी एवढंच मिळवलं, की परीक्षेआधी लाँड्रीतच वाचनवर्ग सुरू झाला. एका शिक्षणसंस्थेने तो चालवायला घेतला. दुपारच्या सुट्टीनंतर तासभर, बॉयलरच्या वरच्या खोलीत, जिथे जमीन चपलेतूनही गरम लागते.

पहिल्या दिवशी संस्थेच्या बाईंनी टेबलावर दोन वस्तू मांडल्या. एक पुस्तक, जाड कागदाचं, मोठ्या टाइपाचं. त्यात कामातले शब्द आणि छोटी वाक्यं: ‘ओली चादर’, ‘हा ठिक्का उघडू नका’, ‘हातमोजे घाला’. शेजारी टॅब. त्यात तेच पुस्तक, वर आवाज. शब्दावर बोट ठेवलं की आतली बाई तो शब्द उच्चारते.

“दोन्हींपैकी एक निवडायचं,” बाई म्हणाल्या. “कुठल्या साधनाने जास्त शिकलं जातं, ते आम्हाला बघायचंय.”

“दोन्ही द्या की,” मी म्हणाले.

“मग कशाने फरक पडला ते कसं कळणार?”

म्हणजे बायकांची भाकरी पणाला आणि यांचा प्रयोग! मी उठलेच होते, पण चिमटाबाईने माझा पदर खाली ओढला. “बस गं भांडकुदळ. आधी माल हाताळू दे.”

तिने टॅब हातात घेतला. सवयीने कोपरा चिमटीत धरून चोळला. गुळगुळीत. मग चिमटीनेच एका शब्दाला हात घातला, आणि अक्षरं एकदम फुगली. कोपऱ्यातला शब्द मधे आला, मधला खाली गेला, खालची ओळ गायबच झाली. तिने हात झटकला. “अगं बाई! चिमटा काढला की पळतंय हे.”

“मोठं होतं, आई,” सून म्हणाली. “तुमच्या डोळ्यांना बरं.”

“मोठं होऊ दे, पण जागेवर राहू दे. आज डावीकडे ठेवलेलं उद्या डावीकडे सापडायला नको? असं घर असतं तर मी तुझ्या सासऱ्यांना कधीच सोडून गेले असते.”

बायका हसल्या. चिमटाबाईने पुस्तक उचललं, वास घेतला, पान चिमटीत धरून बघितलं. “हे बरंय. मुकाट बसतं.”

सुनेने टॅब घेतला. ती लहानपणी चौथीपर्यंत शाळेत गेलेली, मग सगळं विसरलेली. “पुस्तक चुकलं तर सांगत नाही, हे तरी सांगतं,” ती म्हणाली. त्या दिवशी घडी घालताना दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. निवडीने घरात दोन पक्ष पडले.

त्यांच्या घरी मी तेव्हा वरचेवर जायचे. एकच मोठी खोली, मधे पडदा. पडद्याच्या अलीकडे सासू पुस्तक घेऊन, पलीकडे सून टॅब घेऊन. मुलगा मालाच्या गाडीवर, आठवडाभर बाहेरगावी. टॅबमधली बाई गोड आवाजात म्हणायची, “चा-द-र. चादर. शाब्बास!”

“आली सवत,” चिमटाबाई म्हणायची. “हिला कधी दम लागत नाही? आणि शाब्बास कुणाला म्हणते गं? शब्द तीच वाचते, शाब्बासकीही तीच घेते.”

पडद्यामागून सून म्हणायची, “निदान शाब्बास म्हणते तरी.”

हे सासूला लागायचं. मग थोड्या वेळाने तीच हाक मारायची, “अगं ए, ही ओळ काय आहे ते एकदा सांग.” सून उठून यायची, ओळ वाचून दाखवायची, कधी स्वतःला जमत नसेल तर टॅबमध्ये तीच ओळ काढून त्या सवतीकडून वदवून घ्यायची. ओळ कानात पडली की चिमटाबाई सुई घ्यायची आणि पुस्तकात शिवायची.

हो, पुस्तकात. शब्दाच्या खाली बारीक टाका. ‘चादर’खाली निळा, एक गाठ. ‘हातमोजे’खाली लाल, तीन गाठी. ‘हा ठिक्का उघडू नका’ या ओळीखाली काळ्या धाग्याच्या गाठीच गाठी. पुस्तकाचा कागद जाड होता, टाके पेलायचा. मागच्या पानावरचे शब्द वाचवून सुई घालायची, तर एकेका पानाला संध्याकाळ जायची. बाजारातली महाग रिळं नाहीत, जुन्या खुणांसाठी लाँड्रीत उरलेलाच धागा तिने आणला होता.

मी विचारलं, “मावशी, हे काय आरंभलंय? पुस्तकाची गोधडी?”

“कच्चे टाके आहेत,” ती म्हणाली. “कापड शिवताना आधी कच्चा दोरा घालतात ना, दोन्ही पदर हलू नयेत म्हणून? पक्की शिलाई बसली की ओढून टाकतात. तसंच. शब्द अजून हलतोय माझ्या डोक्यात. बसला की दोरा ओढीन.”

मला ते पटलं. आजही पटतं. मी स्वतः वाचायला शिकले ती किराणाच्या पुड्यांवर, कुठल्या दुकानाची पुडी ते तेलाच्या डागावरून ओळखत ओळखत. माणूस नव्या गोष्टीला जुन्या गोष्टीची दोरी बांधूनच ओढतो. ज्यांना हे हसू येतं त्यांनी आपापल्या दोऱ्या मोजाव्यात.

महिन्याभरात चिमटाबाई वर्गात घडाघडा वाचायला लागली. डोळे पानावर, बोट ओळीखालून सरकतंय, आणि आवाज खणखणीत: “हातमोजे घाला. ओली चादर जमिनीवर ठेवू नका.” संस्थेच्या बाई हरखल्या. त्यांनी धागे बघितले आणि म्हणाल्या, “किती सुंदर सजवलंय!” फोटो काढले. टॅबवाल्या बायकांना म्हणाल्या, “बघा, कागदावर कसं मन लागतं.” बोट कशावर चाललंय, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर चिमटाबाईने सांगितलं असतं. तिच्या लेखी त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच.

आणि दोरे ती खरंच ओढत होती. एका रविवारी मी गेले तर तिने मला दारातच धरलं. “इकडे ये.” ‘चादर’खालचा निळा धागा तिने माझ्यासमोर उपसला, पुस्तक हात लांब करून धरलं, बोट मागे घेतलं. ओठ हलले. कपाळावर शिरा आल्या. “च... चा... चादर.” मग लाँड्रीतून आणलेली एक चिठ्ठी काढली, तिच्यावर वेगळ्या छापात तोच शब्द. “ही पण चादर. आहे ना?”

“आहे, मावशी.”

ती खाली बसली. बराच वेळ त्या चिठ्ठीकडे बघत राहिली. पडद्यामागून सून म्हणाली, “शाब्बास, आई.” तिने टॅबसारखा आवाज काढला होता, पण चेष्टा नव्हती त्यात. चिमटाबाईने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, “तू गप. तुझं ‘हातमोजे’ अजून लंगडतंय.”

असे चार-पाच धागे निघाले. पुस्तकात अजून शंभरावर होते. पण रस्ता बरोबर होता, फक्त लांब होता. तिच्या चालीने दिवाळीआधी नाही तरी वर्षाअखेर ती पोहोचली असती.

तेवढ्यात मॅनेजरने परीक्षा अलीकडे ओढली. इस्पितळांची माणसं पाहणीला येणार होती, त्यांच्यासमोरच घेऊन टाकू म्हणाला. मी गेले, ओरडले, वेळ मागितला. “तुमची ती चिमटाबाई तर पोपटासारखी वाचते,” तो म्हणाला, “मग अडचण काय?” संस्थेच्या बाईंना सांगितलं, धागे निघायला वेळ द्या. त्या म्हणाल्या, “धागे राहू देत ना, छान दिसतात.” तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना नीट समजावलं. त्यांचा चेहरा उतरला. पण तारीख बदलायला त्या मॅनेजरकडे गेल्या नाहीत. संस्थेला लाँड्रीतलं काम पुढेही हवं होतं.

चिमटाबाईला मी म्हणाले, “तुमचंच पुस्तक घेऊन बसा. काही होत नाही.”

“होऊ दे की,” ती म्हणाली. “पुस्तक माझं, बोट माझं.”

परीक्षा जेवणाच्या खोलीत झाली. टेबलं ओळीने लावलेली, समोर इस्पितळाची तीन माणसं, बाजूला मॅनेजर. आणि सुरुवातीलाच मुकादमाने पिशवी घेऊन सगळ्यांची पुस्तकं गोळा केली. “कुणी आत काही लिहून आणलं असेल तर?” त्याने कोऱ्या प्रती वाटल्या. टॅबवाल्यांच्या टॅबचा आवाज बंद केला. मी दारातून आत शिरले तर मॅनेजर म्हणाला, “बाहेर थांबा, नाहीतर परीक्षाच रद्द करतो, सगळ्या खाली.” मी दाराच्या काचेशी उभी राहिले. दार नीट लागत नव्हतं, आतलं ऐकू यायचं.

टॅबवाल्या आधी. बायका शब्दावर बोट ठेवायच्या आणि वाट बघायच्या. आतली बाई बोलेना. पुन्हा बोट. एक जण तर टॅब कानाला लावून बसली. इस्पितळाचा एक जण हसला. एकामागून एक उठवल्या. सून वाचू लागली तेव्हा आवाज अगदी बारीक. अडखळत, मागे जात, “ह... हात... हातमोजे... घाला.” तिचं चौथीपर्यंतचं कुठूनतरी वर आलं होतं. मुकादमाने खूण केली, पास.

मग चिमटाबाई. तिने पुस्तक उघडलं. नेहमीसारखं बोट ओळीखाली ठेवलं. बोट सरकलं, थांबलं, मागे आलं. तिने पान चिमटीत धरून चोळलं. उलटून मागून बघितलं.

“वाचा,” मॅनेजर म्हणाला.

“हे माझं पुस्तक नाही.”

“तेच आहे, बाई. एकाच छापखान्यातलं.”

“असेल. माझं त्या पिशवीत आहे. ते द्या.”

“अक्षरं तीच आहेत ना?”

ती पुन्हा वाकली. शोधत होती, मला काचेतून दिसत होतं. पानावर कुठेतरी ‘चादर’ असेल तर. पण तिला दिलेल्या पानावर चादर नव्हती. ते काळ्या गाठींचं पान होतं. आदल्याच दिवशी तिने ते माझ्यासमोर न अडखळता म्हटलं होतं: ‘हा ठिक्का उघडू नका. आत संसर्गाचे कपडे आहेत.’ ओळ ओठांवर होती. पण हीच ती ओळ, हे सांगणारं कुणी नव्हतं. तिने अंदाजाने ‘हातमोजे घाला’ म्हणून टाकलं असतं तर एक वेळ सुटली असती, कारण खाली ते होतंही. तिने तसं केलं नाही.

“येत नाही,” ती म्हणाली आणि पुस्तक मिटून सरळ ठेवलं, कडा टेबलाच्या कडेला लावून, घडी ठेवावी तसं.

मी आत घुसले. काय काय बोलले ते सगळं छापण्यासारखं नाही. पिशवी उचकटून तिचं पुस्तक काढलं, इस्पितळाच्या माणसांच्या नाकासमोर धरलं. एकाने धाग्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “हस्तकला चांगली आहे.” चिमटाबाईने माझ्या हातातून पुस्तक घेतलं. “चल. इथे जास्त बोलू नकोस. सून पास झालीय.”

दुसऱ्या दिवसापासून ती खाली, मळक्या खोलीत. रोलरवर तिच्या जागी सून. नवा पडदा येईपर्यंत आठ दिवस, खालचं काम आटोपून वर येत, तिनेच सुनेला रोलर शिकवला, चादर घालताना बोटं कशी मागे घ्यायची ते. त्या आठ दिवसांत दोघी एकदाही भांडल्या नाहीत. मुकादमालासुद्धा ते बरं वाटलं नाही.

वर्ग बंद झाला. संस्थेने निष्कर्ष काढला, की टॅबने शिकणाऱ्यांची प्रगती अधिक, कारण टॅबवाल्यांतली एक पास झाली आणि पुस्तकवाल्यांतली एकही नाही. ते मोठ्या सभागृहात वाचून दाखवलं गेलं. मी मागून ओरडले, “ती चौथी शिकलेली आहे!” मला पाण्याचा पेला देऊन बाहेर बसवण्यात आलं. दुसऱ्या एका लाँड्रीत आता फक्त टॅब वाटतात. छापील पुस्तकं परत मागवली, तेव्हा चिमटाबाईचं घेतलंच नाही. खराब झालंय म्हणाले.

मी सह्यांच्या मोहिमा काढल्या, दोनदा दारात बसले, एकदा मला उचलूनही नेलं. त्याने काहीही झालं नाही. हे मी मोठेपणाने सांगत नाही. झालं नाही, एवढंच.

पावसाळा सरताना त्यांच्या घरी गेले. दुपारची वेळ, दोघींची सुट्टी. चिमटाबाईच्या हातांना मळक्या खोलीचा वास होता. तिथे कोपरापर्यंत जाड रबरी हातमोजे घालावे लागतात, ते काढले तरी बोटं पांढरी, सुरकुतलेली. ती पुस्तक घेऊन बसली होती. सगळे धागे उपसून टाकले होते, एकही ठेवला नव्हता. शेजारी वाटीत रंगीत दोऱ्यांचा गुंता.

“आता नव्याने सुरू केलंत?” मी विचारलं.

“कोरं करून बघितलं,” ती म्हणाली. डोळे मिटले, आणि बोट ओळीखालून सरकवत खणखणीत म्हणाली, “हा ठिक्का उघडू नका.”

सुईची भोकं राहिली होती. बोटांना ती कळत होती.

“डोळे उघडा ना, आई,” सून पडद्याजवळून म्हणाली. रडवेली झाली होती. “डोळ्यांनी बघा.”

“डोळ्यांनी भोकंच दिसतात गं.”

मी पिशवीतून नवं पुस्तक काढलं. त्या कोऱ्या प्रतींपैकी एक, मुकादमाच्या कपाटातून मी उचललेली. चोरलेली म्हणा. “मावशी, हे घ्या. यात काहीच नाही. अगदी पहिल्यापासून. मी येत जाईन रोज.”

तिने ते घेतलं. पानाचा कोपरा चिमटीत धरून चोळला. एकदा, मग दुसऱ्या हाताने. मळक्या खोलीने बोटंही बोथट केली होती, की कागदच गुळगुळीत होता, कोण जाणे. मग कडेला कड लावून पुस्तक माझ्या मांडीवर परत ठेवलं.

“तू रोज येशील,” ती म्हणाली, “पण मी रोज खाली असेन.”

सून उठली, टॅब परत केलेला म्हणून रिकाम्या झालेल्या फळीवर तिने ते पुस्तक ठेवलं. चिमटाबाईने वाटीतला गुंता उचलून बघितला, आणि कामाला येईल असा एखादा लांब दोरा मिळतो का ते शोधत बसली.